पदवी, प्रमाणपत्र आणि अनुभव : संगणक-व्यवसायातील साक्षीचा प्रश्न

संगणक-व्यवसायात पदवीला आता अर्थ उरलेला नाही, खरे मोल कौशल्याचे, हे विधान अलीकडे इतक्या निःशंकपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. याच्या नेमके उलट मतही आपल्याकडे तितकेच रूढ असून त्यापायी पुष्कळ शेतकरी कुटुंबे मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी कर्जबाजारी होतात. या दोन मतांचा झगडा आपणांस परिचित आहे. तथापि दोहोंत एक गृहीत समान आहे, आणि ते सदोष आहे. पदवी, प्रमाणपत्र व अनुभव यांना सोन्यासारखे काही अंगभूत मोल असून ते फक्त तोलून घ्यावयाचे बाकी आहे, असे उभय पक्ष समजतात. वस्तुतः या तिन्ही गोष्टी साक्षीच्या स्वरूपाच्या आहेत. अमुक माणसास अमुक काम येते, असे त्या तिसऱ्याच कोणास तरी सांगत असतात. आणि साक्षीचे वजन जसे साक्षीदाराच्या प्रतिष्ठेवर, तसेच ऐकणारा किती दूर बसला आहे यावरही ठरते. ज्याने एखाद्यास काम करताना प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यास दाखल्याची जरूर पडत नाही. ज्याने पाहिलेले नाही, आणि पाहण्याची तसदीही ज्यास घ्यावयाची नाही, त्याच्यापुढे कागदावाचून दुसरे काहीच बोलत नाही. प्रस्तुत लेखात या अंतराच्या दृष्टीने तिन्ही साक्षींचे परीक्षण करावयाचे योजिले आहे.

पाहण्याची जागा म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड हे गाव घेतले आहे. सिंदखेडराजा तालुक्यातील हे गाव मुंबई–नागपूर जुन्या हमरस्त्यावर, सिंदखेडराजा आणि मेहकर यांच्या दरम्यान आहे. भोवतालचा मुलूख कापूस-सोयाबीनचा. येथे जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला व पुढे तो बंद पडला. अलीकडे समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला आणि २०२५ साली तो नागपूरपासून ठाणे जिल्ह्यापर्यंत पूर्णपणे खुला झाला. पुण्या-मुंबईचे अंतर तासांत मोजले तर त्यामुळे कमी झाले, हे खरे. परंतु येथे ज्या अंतराविषयी बोलावयाचे आहे ते रस्त्याने कमी होणारे नव्हे. कारखाना चालू असतो तेथे फिटरचा हात मुकादमाच्या डोळ्यांसमोर असतो व त्याची पारख करावयास गुणपत्रिका लागत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याचा हात पारखू शकेल असा मुकादम मात्र पुण्यास, हिंजवडीस किंवा बंगळूरला बसलेला आहे. हिंजवडीतच बसून हा प्रश्न पाहिला म्हणजे पदवी अनावश्यक वाटू लागते, यात नवल नाही.

पदवीविरोधी मताला इतिहासाचा आधार आहे असे सांगितले जाते, म्हणून प्रथम त्याकडे वळू. या व्यवसायाचा आरंभ पदवीवाचून झाला, हे निर्विवाद आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९७२ सालच्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितले आहे की, १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी त्याने व्यवसाय म्हणून ‘प्रोग्रॅमर’ असे लिहिले, तेव्हा असा व्यवसायच अस्तित्वात नाही या सबबीवर ॲम्स्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी ते नाकारले आणि अखेर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ अशी नोंद करावी लागली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. तो उभारणारी मंडळी गणित, भौतिकशास्त्र व अभियांत्रिकी यांतून आलेली होती. १९६८ साली मुंबईतच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, तेव्हाही संगणकशास्त्राचे पदवीधर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अन्य शाखांचे अभियंते घ्यावयाचे आणि त्यांस कामावरच शिकवावयाचे, हा त्या काळचा शिरस्ता होता.

मराठी वाचकांपुढे या पिढीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अच्युत गोडबोले यांचे. मुंबईच्या आय. आय. टी.मधून १९७२ साली ते रसायन अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, आणि पुढे सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक यांसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर त्यांनी काम केले. ‘मुसाफिर’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती नेहमी दिसते, आणि त्यातून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात की संगणकाची पदवी नसतानाही माणूस संगणक-व्यवसायात शिखर गाठू शकतो. निष्कर्ष खोटा नाही, पण अर्धवट आहे. त्यांच्यापाशी संगणकाची पदवी नव्हती एवढेच. पदवी नव्हती असे नव्हे. देशातल्या अत्यंत कठीण प्रवेशपरीक्षेतून पार पडल्याचा जो दाखला आय. आय. टी.च्या नावात असतो, तो रसायन अभियांत्रिकीच्या पदवीतही तेवढाच असतो. वऱ्हाडातील दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले विजय भटकर नागपूर, बडोदे आणि दिल्ली येथून एकामागून एक पदव्या घेत गेले, आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. खेड्यातून आलेल्या माणसाला प्रत्येक नव्या शहरात कोणीतरी ओळख करून द्यावी लागते. ते काम भटकरांच्या बाबतीत पदवीने केले.

या आद्य पिढीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. त्या काळी मालक स्वतः शिकवीत असे, कारण शिकलेला माणूस बाजारात मिळतच नव्हता. पुढे तो मिळू लागला आणि शिकविण्याचा खर्च मालकाच्या अंगावरून विद्यार्थ्याच्या अंगावर गेला. महाराष्ट्रात या स्थित्यंतराचे साल सांगता येते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमरावती विद्यापीठही स्थापन झाले. ज्या पदवीसाठी दूरचे शहर गाठावे लागे, ती बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत आली. ही घटना लहान नव्हती, आणि खाजगी शिक्षणावर सरसकट टीका करताना तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु पदवी जशी सुलभ झाली तसे तिचे कार्यही बदलले. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली असे प्रतिपादन केले की, शिक्षणाने उत्पादकता यत्किंचितही वाढली नाही तरी ते श्रमाच्या बाजारात खूण म्हणून काम करू शकते, कारण ती खूण मिळविणे सर्वांना सारखे सोपे नसते. या सिद्धांताची आपल्याकडे पाहावयास मिळणारी सर्वांत ठळक प्रचीती म्हणजे साठ टक्क्यांची अट. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही पायऱ्यांवर साठ टक्के गुण असल्यावाचून अनेक मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रांगण-निवडीत उमेदवारास परीक्षेसही बसता येत नसे, व हा निकष आजही पुष्कळ ठिकाणी जिवंत आहे. शिवाय याच कंपन्या यंत्र, स्थापत्य किंवा विद्युत शाखेचा पदवीधरही घेतात आणि मग त्यास काही महिने स्वतःच शिकवितात. म्हणजे पदवीत काय शिकविले याच्याशी त्यांस फारसे कर्तव्य नाही. गाळण्यासाठी एक चाळणी हवी, ती विद्यापीठे आणि परीक्षा मंडळे विनामूल्य पुरवितात, आणि ती वापरली जाते. पंधराव्या वर्षी दुसरबीडच्या शाळेत गणिताला शिक्षक होता की नव्हता, याचा निकाल अशा रीतीने बावीसाव्या वर्षी पुण्यात लागतो. गुणवत्तेच्या नावाखाली चालणाऱ्या या व्यवहाराची चिकित्सा आपल्या विद्यापीठीय वर्तुळांत जितकी व्हावयास हवी तितकी होत नाही. चाळणी आपलीच असल्यामुळेही असे होत असावे.

आता प्रमाणपत्रांकडे वळू. प्रमाणपत्र हा शब्द एकच असला तरी त्याखाली परस्परांहून अगदी भिन्न वस्तू मोडतात. १९९० साली सुरू झालेली डोएकची योजना ही त्यांतील एक गंभीर कल्पना होती. ओ, ए, बी आणि सी अशा चार पायऱ्यांच्या या परीक्षा देशभर एकाच प्रश्नपत्रिकेवर होत, आणि संस्थेत न जाता स्वतः अभ्यास केलेल्यासही त्यांत वाव होता. कोठे शिकलास यापेक्षा काय येते हे विचारणारी ती परीक्षा होती. ही संस्था २०११ साली नायलिट झाली, पण तिच्या दाखल्यास खाजगी बाजारात पदवीचे वजन कधीच आले नाही. याउलट सी-डॅकच्या प्रगत संगणन पदविकेला बाजारात मान मिळाला. मात्र ती घेणारे बहुतेक आधीच अभियंते असत; त्यांच्या पहिल्या साक्षीवर कोणाचा विश्वास बसत नव्हता, म्हणून ते पदरमोड करून दुसरी साक्ष विकत घेत. सिस्को, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांची प्रमाणपत्रे हा तिसरा प्रकार. एका विशिष्ट मालाचा वापर येतो एवढेच ती सांगतात आणि बहुतेक ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य होतात. सिस्को व ॲमेझॉन यांची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. या मुदतीची कोणी थट्टा करो, मला तीत एक प्रामाणिकपणा दिसतो. १९९५ साली मिळविलेली संगणकशास्त्राची पदवी मरेपर्यंत ताजी राहते, असे मानण्यास तसा काय आधार आहे?

दुसरबीडसारख्या गावात प्रमाणपत्र म्हटले की जे डोळ्यांसमोर येते ते मात्र यांपैकी कोणतेच नव्हे. ते म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या या अभ्यासक्रमाची केंद्रे लवकरच तालुक्यांच्या बाजारपेठांतून व मोठ्या खेड्यांतून उघडली. ज्या घरात संगणक येणे अशक्य होते त्या घरातील मुलामुलींचा हात कळफलकावर पडला, तोही मराठीतून शिकत. हे कार्य मोठे आहे. दोष अभ्यासक्रमात नाही, त्याच्या उपयोगात आहे. संगणकसाक्षरतेचा हा दाखला शासनाने नोकरीची ‘अर्हता’ बनविला. शासकीय भरतीच्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत संगणक अर्हतेची अट असते, आणि तिच्याच शेजारी अशी सवलत असते की नेमणुकीच्या दिनांकापासून दोन वर्षांच्या आत ती धारण केली तरी चालेल. जी अर्हता नेमणुकीनंतर मिळविली तरी काम अडत नाही, तिला अर्हता म्हणावे कशासाठी, हा प्रश्न जाहिरात लिहिणारास पडलेला दिसत नाही. जुन्या टंकलेखनाच्या परीक्षेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द, हे माप उघड होते. परीक्षकासमोर यंत्र वाजे, कागद बाहेर येई, चुका मोजल्या जात. यंत्राच्या टंकलेखनाची ती परीक्षा गेली, पण तिच्या दाखल्यात जे लिहिले होते ते खरोखर घडलेले असे. एमएस-सीआयटीच्या गुणपत्रिकेवरून धारकास नेमके काय येते, हे ज्यास सांगता येईल असा अधिकारी विरळा. त्यामुळे सगळे तो दाखला मागतात आणि कोणीच तो वाचत नाही. २०२३ सालच्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. ज्या गर्दीत जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एकच कागद असतो, त्या गर्दीत तो कागद नसणे तेवढे घातक ठरते. असण्याने काहीच साधत नाही.

तिसरी साक्ष अनुभवाची, आणि तत्त्वतः तीच सर्वांत सबळ. पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली मांडले की, आज्ञावलीचे खरे ज्ञान तिच्या लिखित संहितेत वा तिच्या टिपणांत नसते. ती रचणाऱ्यांच्या मनात त्या समस्येविषयी जी उपपत्ती तयार होते तीत ते असते, आणि ती माणसे गेली की संहिता असूनही आज्ञावली एका अर्थी मृत होते. हे मान्य केले तर परीक्षागृहातील तीन तासांत या ज्ञानाची प्रचीती येणे कठीण, हे ओघानेच येते. आपल्या भाषेला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. ‘उमेदवारी करणे’ याचा अर्थ कसबी माणसाच्या हाताखाली अल्प वेतनावर किंवा वेतनावाचून राहून काम शिकणे असा होता. आज उमेदवार म्हणजे परीक्षेस वा निवडणुकीस उभा राहणारा. शब्द राहिला, त्यातली उमेदवारी गेली.

पण अनुभवाची साक्ष ऐकून घेण्यासही कोणी हवा. याचे आपल्या ग्रामीण भागातील ठसठशीत उदाहरण ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांचे आहे. २०११ साली राज्यात संग्राम, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींत परिचालक नेमले गेले. २०१५ अखेर तो संपला. पुढील वर्षी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने नवी व्यवस्था आली व पुष्कळ ठिकाणी तीच माणसे तेच काम करीत राहिली. जन्ममृत्यूचे दाखले, कर आकारणीचा नमुना ८, नमुना १ ते ३३ पर्यंतच्या नोंदवह्या, हे सारे त्यांच्या हातून संगणकात गेले. जोडणी तुटली असता काय करावे, जुन्या वहीतील तीन भावांच्या एका घराची नोंद नव्या रकान्यांत कशी बसवावी, एकाच नावाच्या दोघांत गल्लत कशी टाळावी, हे त्यांना जितके कळते तितके ती प्रणाली रचणारासही कळत नसेल. नाउर ज्यास उपपत्ती म्हणतो ती हीच. असे असूनही हा अनुभव दाखल्यात उतरत नाही. नेमणूक मध्यस्थ कंपनीमार्फत, मोबदला मानधनाच्या नावाने. ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात घ्या आणि कर्मचारी म्हणून मान्यता द्या, ही मागणी घेऊन हे लोक वर्षानुवर्षे मुंबईच्या आझाद मैदानावर बसत आले आहेत. दहा वर्षे संगणकावर काम केलेल्या परिचालकाने उद्या पुण्यातील कंपनीत अर्ज केला, तर त्या दहा वर्षांची किंमत शून्य धरली जाईल. आणि तेवढीच वर्षे एखाद्या नामांकित कंपनीत अहवालांचे रकाने भरण्यात घालविलेल्याची ती दहाच्या दहा मोजली जातील. अनुभव म्हणून जे विकले जाते त्यात मालकाच्या नावाचा वाटा किती मोठा असतो, हे यावरून दिसते. खोट्या अनुभवपत्रांचा धंदा वाढला आणि त्यावर उपाय म्हणून पडताळणी करणाऱ्या कंपन्यांचाही धंदा वाढला, तो याच कारणाने.

अनुभवाचे पदवीत रूपांतर कायद्याने होऊ शकते, हे मात्र येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या नियमांत महाविद्यालयीन शिक्षणाच्या प्रत्येक कमी पडणाऱ्या वर्षाऐवजी त्या विषयातील तीन वर्षांचा अनुभव धरण्याची तरतूद आहे. मराठी कुटुंबांतील कितीतरी तरुणांना आपली तीन वर्षांची बी. एस्सी. तेथील चार वर्षांच्या पदवीस कमी पडते हे या नियमांमुळेच प्रथम कळले. तीनास एक हे प्रमाण कोणत्या शास्त्रावर आधारले आहे, हे विचारण्यात अर्थ नाही. परंतु सात समुद्रांपलीकडील अधिकाऱ्यालाही अनुभव मोजण्याची काही रीत लावून घ्यावी लागली, आणि आपल्या राज्यात आपल्याच ग्रामपंचायतीतील अनुभवासाठी तशी रीत नाही, हे बोचणारे आहे.

अशा स्थितीत ‘पदवी नको, कौशल्य दाखवा’ ही घोषणा कितपत खरी आहे? अमेरिकेत ती गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी आणि कित्येक राज्यांनी दिली. हार्वर्ड बिझनेस स्कूल व बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ साली तिचे फलित तपासले, तेव्हा २०२३ सालच्या नेमणुकांपैकी सातशेत एकीवरही तिचा परिणाम झालेला आढळला नाही. जाहिरातीतून पदवी गेली, निवड करणाऱ्याच्या मनातून गेली नाही. भारतात या घोषणेप्रमाणे वागणारी कंपनी म्हणून तमिळनाडूतील झोहोचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. शालेय शिक्षण संपविलेल्या मुलांना ती स्वतःच्या शाळेत शिकविते व कामावर घेते. परंतु तिने काय केले ते नीट पाहावे. तिने नुसता कागद नाकारला नाही; ती तेनकाशीसारख्या ग्रामीण भागातही जाऊन बसली, आणि मुलांना महिनोन्महिने प्रत्यक्ष पाहण्याचा खर्च तिने सोसला. अंतर कमी केल्यावर दाखला गळून पडतो. अंतर तसेच ठेवून केवळ दाखला काढून घेतला, तर दुसरबीडच्या मुलाजवळ होते ते एकमेव बोलके साधनही जाते आणि त्याची जागा ओळखी, इंग्रजीचा उच्चार व शहरातील महाविद्यालयाचे नाव घेतात. आपण लिहिलेली आज्ञावली इंटरनेटवर सर्वांस पाहण्यास ठेवावी, हा अलीकडचा मार्ग चांगला असला तरी ती पाहण्याआधीच साठ टक्क्यांची चाळणी अर्ज बाजूस टाकते. २०२२ अखेरपासून लिहिण्याचे प्राथमिक काम करू शकणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत, आणि नवशिक्याला उमेदवारी करण्यासाठी जे हलके काम दिले जात असे नेमके तेच ती प्रथम उचलतात. त्यामुळे अनुभवाच्या पहिल्या पायरीविषयी धास्ती वाटावी, हे स्वाभाविक आहे.

आपल्यासारख्या विद्यापीठीय विभागांचा या व्यवहारात संबंध पोचतो तो येथे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणास आता श्रेयांक आहेत, आणि ते पूर्ण झाल्याचा कागद कसा मिळविला जातो हे अध्यापकांस सांगावयास नको. दुसरबीडचा विद्यार्थी हे प्रशिक्षण पुण्यास जाऊन, खोली भाड्याने घेऊन करू शकत नाही. मग गावाजवळच्या एखाद्या दुकानाचा शिक्का आणतो. त्याऐवजी त्याच्याच ग्रामपंचायतीचे सेवा केंद्र ही प्रशिक्षणाची जागा का मानू नये? २०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवास श्रेयांक देण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली आहे. तेथील परिचालकास शिकविणारा म्हणून मान्यता द्यावी, आणि त्याच्या स्वतःच्या वर्षांची परीक्षा घेऊन त्यासही श्रेयांक द्यावेत. परीक्षा टंकलेखनाच्या परीक्षेइतकी उघड असावी : जुन्या वहीतील नमुना ८ ची वीस पाने पुढे ठेवावीत, त्यांची नोंद करून घ्यावी, तीत मुद्दाम ठेवलेल्या चुका शोधावयास सांगाव्यात, आणि एका लहान आज्ञावलीने त्या नोंदींतून थकबाकीची यादी काढावयास लावावी. परीक्षक दोन असावेत, एक विभागातला आणि एक ग्रामपंचायतीचा अधिकारी. आणि दाखल्यावर गुणांच्या टक्केवारीऐवजी त्या दिवशी काय करून दाखविले ते चार ओळींत लिहावे, खाली दोघांच्या सह्या.